कोयनेचं वर्षभराचं पाणी कसं आखतात : ‘जुलैपासूनच थोडं थोडं का सोडत नाहीत?’ या प्रश्नाला उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे : कोयना धरण दरवर्षी ऑगस्टमध्ये भरतं, मग दरवाजे उघडतात आणि कृष्णाकाठ धास्तावतो. एप्रिल-मे आला की त्याच नदीत पंप फुटव्हॉल्व्हपर्यंत उघडे पडतात. मग जुलैपासूनच थोडं थोडं पाणी का सोडत नाहीत, आणि वर्षाचा हिशोब नक्की करतं कोण आणि कसा?

पूर आणि टंचाई हे दोन वेगळे प्रश्न वाटतात, पण मुळाशी प्रश्न एकच आहे. अमुक तारखेला धरणात किती पाणी असावं, आणि ते तितकं ठेवल्यानं येणारा धोका कोणी सोसायचा? धरण लवकर भरलं तर धोका सांगलीचा. रिकामं ठेवलं आणि पाऊस रुसला तर धोका ताकारी-म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या शेतकऱ्याचा आणि विजेचा. दोन्ही धोके एकाच वेळी शून्य करणारा आराखडा नाही. चांगला आराखडा धोका तारखेनुसार वाटून देतो, आणि तो वाटा कसा ठरला हे उघडपणे सांगतो.

आधी आकडे समोर ठेवू. कोयनेची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी आहे. त्यातला साधारण ५ टीएमसी मृतसाठा (तळाचा, वापरात न येणारा), म्हणजे उपयुक्त साठा १०० च्या आसपास. पाणलोट क्षेत्र सुमारे ८९२ चौरस किलोमीटर. एक टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट. ११,५७४ क्यूसेकचा (सेकंदाला तितक्या घनफुटांचा) विसर्ग बरोबर एक दिवस चालला की एक टीएमसी होतो. हा एक आकडा पाठ केलात तर वर्तमानपत्रातली प्रत्येक बातमी तुम्हाला स्वतः तपासता येईल.

आता पावसाचं गणित. संपूर्ण पाणलोटावर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी होतं ८.९२ कोटी घनमीटर, म्हणजे ३.१५ टीएमसी. जूनमध्ये जमीन तहानलेली असते, त्यामुळे त्यातला मोठा भाग मुरतो. जुलैच्या मध्यानंतर सह्याद्रीचा हा उतार पुरता भिजलेला असतो आणि पडलेल्या पावसातलं ८० टक्के किंवा त्याहून जास्त पाणी जलाशयात येतं. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस धरला तर पाणलोटावर १५० टीएमसीपेक्षा जास्त पाणी पडतं. घट वजा करूनही ते धरणाच्या क्षमतेपेक्षा जास्त भरतं. म्हणून सर्वसाधारण वर्षात सांडव्यावरून पाणी जाणं म्हणजे नियोजन फसलं असं नव्हे. ते जाणारच. कधी जावं आणि किती वेगानं जावं, एवढंच आपल्या हातात असतं.

आता ‘जुलैपासून थोडं थोडं’ या मुद्द्याकडे येतो. इथे धरणाची रचनाच आडवी येते. सांडव्याचा माथा २,१३३.५ फुटांच्या आसपास आहे आणि पूर्ण जलपातळी २,१६३.५ फूट. पाणी माथ्याला टेकतं तेव्हा साठा साधारण ७३ टीएमसी झालेला असतो. तोपर्यंत सहा वक्रद्वारं असून नसल्यासारखी, कारण दारापर्यंत पाणीच पोहोचलेलं नसतं. पूर्वेकडे नदीत पाणी सोडायचा नेहमीचा मार्ग मग धरणाच्या पायथ्याशी असलेल्या पायथा वीजगृहाचा. दोन्ही जनित्रं पूर्ण चालली तर २,१०० क्यूसेक, म्हणजे दिवसाला ०.१८ टीएमसी. पंधरा दिवस अखंड चालवलं तरी जेमतेम पावणेतीन टीएमसी जागा होते, आणि जुलैतल्या एका जोरदार दिवसात त्याच्या दुप्पट-तिप्पट पाणी येतं. म्हणजे ७३ टीएमसीच्या खाली ‘आधीच सोडा’ म्हणणं तांत्रिकदृष्ट्या निरर्थक आहे. खरा निर्णय ७३ ते १०५ या ३२ टीएमसींपुरता असतो. पुराच्या सगळ्या चर्चेची मर्यादा ही तीस फुटांची पट्टी आहे.

या पट्टीत मात्र निर्णयाला जागा आहे. आवक ३०,००० क्यूसेक असेल तर दिवसाला २.६ टीएमसी येतात आणि ही पट्टी बारा दिवसांत भरते. आवक एक लाखावर गेली तर पावणेचार दिवसांत. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला होता. तसा पाऊस पाणलोटभर पडला तर धरणात केवढी रिकामी जागा लागेल ते वर दिलेल्या गणितानं तुम्हीच काढून बघा. उलट बाजूनं, पाणी दारांना टेकल्यावर १०,००० क्यूसेक दहा दिवस सोडले तर ८.६ टीएमसी जागा तयार होते. ती एक लाख क्यूसेकचा एक पूर्ण दिवस पोटात घेते, आणि सांगलीला त्या १०,००० चा त्रास होत नाही. ‘थोडं थोडं’ सोडण्याचा तुमचा आग्रह बरोबर आहे, फक्त त्याची वेळ पाणी दारांना टेकल्यावरची आहे.

किती जागा ठेवायची, हे कोणत्या तारखेला कसं ठरवतात? जलाशय परिचालन आराखडा त्यासाठीच असतो. पद्धत सांगतो. मागच्या अनेक वर्षांच्या येव्याच्या, म्हणजे धरणात आलेल्या पाण्याच्या, नोंदी घ्यायच्या. प्रत्येक तारखेसाठी एकच प्रश्न विचारायचा : या तारखेनंतर पावसाळा संपेपर्यंत खात्रीनं किती पाणी येतं? खात्री म्हणजे दहापैकी नऊ वर्षांत मिळेल इतकं (९० टक्के विश्वासार्हता), किंवा चारपैकी तीन वर्षांत मिळेल इतकं (७५ टक्के). समजा, नोंदी असं दाखवतात की ३१ जुलैनंतर दहापैकी नऊ वर्षांत किमान ३५ टीएमसी येतात, आणि त्या काळात वीजनिर्मिती व पूर्वेकडचा वापर मिळून ८ लागतात. मग उरले २७. म्हणजे ३१ जुलैला १०५ वजा २७, म्हणजे ७८ टीएमसीवर धरण थांबवलं तरी ते दहापैकी नऊ वर्षांत भरेल. हेच गणित १५ ऑगस्ट, ३१ ऑगस्ट आणि १५ सप्टेंबरसाठी मांडलं की चढती रेषा मिळते. यातले ३५ आणि ८ हे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आकडे आहेत, अधिकृत नव्हेत.

मतभेद इथेच सुरू होतो. ९० टक्के धरलं तर रेषा वर सरकते, धरण लवकर भरतं आणि पुराला जागा कमी उरते. ७५ टक्के धरलं तर जागा वाढते, पण चारात एखाद्या वर्षी धरण अपुरं राहण्याची शक्यता पत्करावी लागते. माझं मत स्पष्ट आहे. १५ ऑगस्टपर्यंत ७५ टक्क्यांची रेषा पाळावी आणि त्यानंतर ९० कडे वळावं. जुलैच्या शेवटी आणि ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात मोठ्या पुराची शक्यता सर्वांत जास्त असते. २००५, २०१९ आणि २०२१ हे तिन्ही पूर याच काळातले. सप्टेंबरात चित्र उलटतं : पुराची भीती कमी होते आणि न भरण्याची वाढते. दोन्ही काळांना एकच विश्वासार्हता लावली तर एका काळावर अन्याय होतोच. २०२३ च्या पावसाळ्यात धरण काठोकाठ भरलं नाही, आणि पुढे पूर्वेच्या विसर्गावरून किती ओढाताण झाली ते कृष्णाकाठानं पाहिलं आहे. म्हणून कोणी ‘ऑगस्टअखेर धरण अर्धं रिकामं ठेवा’ म्हणालं तर मी त्यालाही विरोध करीन.

रेषा ठरली तरी रोजचा निर्णय खाली नदीत काय चाललंय त्यावर फिरतो. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं. ते एकट्या कोयनेचं पाणी नव्हतं. धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी यांचं पाणी, वारणेचा चांदोलीतून येणारा विसर्ग, आणि धरणांच्या खालच्या मुक्त पाणलोटात पडणारा पाऊस हे सगळं एकत्र येतं. मुक्त पाणलोटातल्या पाण्याला दरवाजा नाही. म्हणून त्याचा लोंढा सांगलीवरून जात असताना कोयनेनं हात आखडता घ्यायचा आणि तो ओसरला की सोडायचं, हे खरं कौशल्य. कोयनेतून सोडलेलं पाणी कऱ्हाडला काही तासांत पोहोचतं आणि सांगलीला साधारण एक दिवसानं, कधी त्याहून उशिरा. त्यामुळे दरवाजा उघडणाऱ्यानं आजची नव्हे, उद्याची आयर्विन पातळी डोळ्यासमोर ठेवावी लागते. हात आखडता घ्यायला मात्र धरणात जागा शिल्लक असावी लागते. धरण १०४ वर असेल तर जेवढं येईल तेवढं सोडणं भागच पडतं. रिकाम्या जागेचा खरा उपयोग हाच : ती हवी ती वेळ निवडू देते.

एक बारीक पण महागात पडणारी चूक सांगतो, कारण बाहेर ती फारशी कोणाला ठाऊक नसते. धरणात किती पाणी येतंय हे थेट मोजता येत नाही. पातळी किती वाढली ते बघून साठ्याचा तक्ता लावतात, त्यात विसर्ग मिळवतात आणि आवक काढतात. जलाशय भरत आला की पृष्ठभाग ११५ चौरस किलोमीटरच्या आसपास असतो. त्यावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे ०.१ टीएमसी. वाऱ्यानं, लाटेनं किंवा पट्टी वाचताना एक इंचाची चूक झाली आणि तासाची आवक काढली, तर हिशोबात सुमारे २८,७०० क्यूसेकची खोटी आवक दिसते, किंवा खरी आवक तेवढीच दडते. तोच फरक सहा तासांवर पसरला की चूक ४,८०० क्यूसेकवर येते. म्हणून दरवाजे किती उघडायचे हे एका तासाच्या आकड्यावर ठरवू नये. तीन ते सहा तासांची सरासरी घ्यावी आणि कोयनानगर, नवजा, महाबळेश्वर इथल्या पावसाशी ती ताडून बघावी. पावसाची सरासरीही साधी करू नये. नवजाचा आकडा बहुधा मोठा असतो, तो एकटाच धरला तर आवक फुगते. प्रत्येक केंद्राला त्याच्या क्षेत्राचं वजन द्यायला हवं. साठ्याचा तक्ता गाळामुळे जुना होत जातो तो भाग वेगळाच. सर्वेक्षण नवं झालं की तक्ता बदलायलाच हवा.

आता वर्षाचा दुसरा अर्धा भाग. तो १५ ऑक्टोबरला सुरू होतो, आणि तुमच्या मे महिन्याचा निकाल खरं तर याच दिवशी लागतो. इथे एक गुंता आहे. कृष्णा पाणीवाटप लवादाचं जलवर्ष १ जून ते ३१ मे. सिंचनाचं वर्ष १ जुलै ते ३० जून : १४ ऑक्टोबरपर्यंत खरीप, फेब्रुवारीअखेर रब्बी, पुढे उन्हाळी. पश्चिमेकडे वीजनिर्मितीसाठी वळवायच्या पाण्याची वार्षिक मर्यादा ६७.५ टीएमसी आहे आणि ती जलवर्षाच्या घड्याळावर चालते, तर तुमची आवर्तनं (सिंचनाच्या पाण्याच्या पाळ्या) सिंचनवर्षावर. दोन्ही एका कागदावर महिनावार मांडली नाहीत तर जून महिना कोणाच्याच हिशोबात येत नाही, आणि पाऊस लांबला तर नेमका तोच महिना गळ्याशी येतो.

म्हणून हिशोब उलटा करायचा : शेवटाकडून सुरुवातीकडे. पाऊस लांबला तरी १ जूनला किती हवं? मृतसाठ्याच्या वर १२ टीएमसी धरू. ते पिण्याचं पाणी, नदीतला किमान प्रवाह आणि जूनमधली थोडी वीज यासाठी. बाष्पीभवनाला सुमारे ४. १५ ऑक्टोबरला धरण १०५ असेल तर १०५ वजा ५, वजा १२, वजा ४, म्हणजे ८४ टीएमसी वापराला उरतात. पावसाळ्यात पश्चिमेकडे २० वापरले असतील तर मर्यादेतले ४७.५ शिल्लक राहतात. पूर्वेला मिळतात ३६.५. इथपर्यंत कोणाचीच तक्रार नसते. धरण १५ ऑक्टोबरला ८० वरच थांबलं तर? हातात ५९, मागणी ८४, तूट २५. ही तूट कोणाच्या पदरात टाकायची, हाच वर्षातला सर्वांत अवघड निर्णय.

तुम्ही कृष्णाकाठचे, म्हणून तुमचं मत गृहीत धरता येतं. पण विजेची बाजूही आकड्यांत बघा. एक टीएमसी पाणी पश्चिमेला पोफळीच्या बाजूच्या वीजगृहांत उतरवलं तर पावणेपाचशे मीटरच्या उंचीमुळे साधारण ३.२ कोटी युनिट वीज मिळते. तेच पाणी पुढे कोळकेवाडी धरणातून तिसऱ्या टप्प्याच्या वीजगृहात गेलं की आणखी ७० लाखांच्या वर. एकूण चार कोटींच्या घरात. तेच एक टीएमसी पायथ्यातून पूर्वेला सोडलं तर धरण भरलेलं असताना साधारण ५० लाख युनिट, आणि पातळी उतरत गेली की त्याहून कमी. जवळपास आठपट फरक आहे. शिवाय चौथ्या टप्प्याचे १,००० मेगावॅट काही मिनिटांत उभे राहतात, संध्याकाळच्या मागणीला त्याचा पर्याय सहज मिळत नाही. पश्चिमेचे सगळे संच पूर्ण क्षमतेनं चोवीस तास चालवले तर दिवसाला सव्वा टीएमसीच्या आसपास पाणी लागेल, म्हणजे वर्षाची मर्यादा दोन महिन्यांतच संपेल. सरासरी काढली तर दिवसाला चार तासांच्या आसपास. म्हणून ही वीज दिवसभर जाळायची नसते, राखून वापरायची असते.

आणि चूक होते ती इथेच. ऑक्टोबरच्या उकाड्यात मागणी वाढते, कुठला तरी औष्णिक संच बंद पडतो, आणि कोयनेवर भार येतो. दोन-तीन महिने असेच गेले की फेब्रुवारीत लक्षात येतं, उरलेली मर्यादा उन्हाळ्याला पुरत नाही. मग मर्यादेबाहेर पाणी मागितलं जातं, आणि ते पूर्वेच्या वाट्यातूनच येतं. उपाय साधा आहे : पश्चिमेच्या वापराला महिनावार कमाल आकडा ठरवायचा, दर पंधरवड्याला तो प्रसिद्ध करायचा, आणि ओलांडला तर पुढच्या महिन्यात कापायचा. ३१ मे ला उरलेली मर्यादा पुढच्या वर्षात जोडली जाईल असं कोणीही धरून चालू नये. पण ‘संपवायची म्हणून संपवा’ हेही चूक, कारण ते पाणी धरणात राहिलं तर जून लांबल्यावर उपयोगी पडतं. दुसऱ्या लेक टॅपिंगनंतर (भरल्या जलाशयाच्या तळाशी स्फोटानं बोगद्याचं तोंड उघडण्याच्या कामानंतर), म्हणजे २०१२ पासून, चौथ्या टप्प्याला खालच्या पातळीवरूनही पाणी घेता येतं. उन्हाळ्यात जनित्रं चालू शकतात ही सोय झाली, पण त्यामुळे तळाचा साठा खाली ओढण्याचा मोहही वाढला. राखीव १२ टीएमसी कागदावर नव्हे तर आदेशात असले पाहिजेत, ते यासाठी.

पावसाळ्यात पश्चिमेकडे भरपूर पाणी उतरवून पुराला जागा करा, असंही सुचवलं जातं. त्याला मर्यादा दोन. एक, वर्षाचे ६७.५. दोन, वीज करून बाहेर पडणारं हे अवजल वाशिष्ठीत जातं आणि चिपळूणला भरतीच्या वेळी नदीचं पाणी समुद्राकडे लवकर सरकत नाही. सांगलीचं संकट चिपळूणच्या दारात नेणं हा उपाय नव्हे.

आता तुमच्या नदीतलं उन्हाळ्याचं पाणी. १५ फेब्रुवारी ते ३१ मे हे १०६ दिवस. पायथा वीजगृहातून २,१०० क्यूसेक सतत सोडले तर १९ टीएमसींहून थोडं जास्त लागतं. एक जनित्र दुरुस्तीला गेलं की विसर्ग १,०५० वर येतो, आणि उरलेलं विमोचक दारातून, वीज न करता सोडावं लागतं. म्हणून जनित्राची वार्षिक दुरुस्ती पावसाळ्यातच उरकायची, जानेवारीनंतर नाही. दुसरी गोष्ट, नदी एकदा कोरडी पडू दिली की नंतर सोडलेलं पहिलं पाणी पात्र भिजवण्यात आणि बंधाऱ्यांचे रिकामे डोह भरण्यात जातं. सांगलीपर्यंत ते दिसायलाच कित्येक दिवस लागतात, आणि तोवर ‘पाणी सोडलं म्हणतात, पण आलं कुठे?’ ही तक्रार सुरू होते. म्हणून अधूनमधून मोठा विसर्ग करण्यापेक्षा कमी पण अखंड विसर्ग चांगला. तिसरी गोष्ट, टेंभू आणि ताकारी सांगलीच्या वर उचलतात, म्हैसाळ खाली. तिन्ही योजनांचे पंप एकाच आठवड्यात सुरू झाले तर मधल्या सांगलीची पातळी पडते आणि शहराचा पाणीपुरवठाही अडचणीत येतो. टेंभू-ताकारीचं आवर्तन आणि म्हैसाळचं आवर्तन यांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवलं तर तोच विसर्ग पुरतो.

तूट असलेल्या वर्षात काय कापावं याचा माझा क्रम असा. पिण्याच्या पाण्याला हात लावायचा नाही. आधी पश्चिमेची दिवसाची निर्मिती कापायची, संध्याकाळची ठेवायची. मग उन्हाळी हंगामातल्या नव्या लागणीला मंजुरी द्यायची नाही, पण उभ्या पिकाची आवर्तनं तोडायची नाहीत. दोन आवर्तनांतलं अंतर वाढवणं हा शेवटचा उपाय, कारण उभा ऊस आठ दिवस उशीर सोसतो, भाजीपाला सोसत नाही. हा क्रम सगळ्यांना पटेल असं नाही. पण ऑक्टोबरमध्ये तो जाहीर झाला तर शेतकरी लागणच त्या बेतानं करतो. मार्चमध्ये जाहीर झाला तर त्याच्या हातात काही उरत नाही.

तुम्ही विचारलंत की सामान्य माणसानं यात करायचं काय. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यातच, कालवा सल्लागार समितीची बैठक होण्याआधी, तुमच्या पाणीवापर संस्थेची मागणी लेखी द्या : किती हेक्टर, कोणतं पीक, कोणत्या आठवड्यात पाणी. सोबत तीन आकडे मागा. १५ ऑक्टोबरचा साठा, पश्चिमेकडची उरलेली मर्यादा, आणि १ जूनसाठी राखलेला साठा. हे तीन आकडे आणि वरचा वजाबाकीचा हिशोब हाती असला की पूर्वेला किती उरतं ते तुम्ही बैठकीतच सांगू शकता, आणि तिथे दिलेलं आश्वासन त्या आकड्याशी जुळतं का हेही त्याच वेळी विचारू शकता.